तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेल इंजिन जपायचं कशाला?

मला रेल्वेचं वेड आहे हे कळलं की थोड्या वेळाने प्रश्न येतोच. “वाफेचं इंजिन जपतात ते समजतं हो. पण ते धूर ओकणारं डिझेल? गेलं तर बरंच झालं की!”

रोजच्या गाड्यांवरून ते गेलं हे बरंच झालं, मलाही मान्य आहे. कोकण रेल्वेचा 741 किलोमीटरचा मार्ग 2022 मध्ये पूर्ण विजेवर आला. पुणे-कोल्हापूर मार्गावरही तारा आल्या. बोगद्यात खिडक्या लावून घ्यायची घाई आता कुणाला करावी लागत नाही. माझं मागणं फार लहान आहे. त्या हजारो इंजिनांपैकी दोन-चार तरी चालू स्थितीत राहावीत. नुसती रंगवून उभी केलेली नकोत, सुरू होणारी हवीत.

माझं आजोळ पुणे-कोल्हापूर मार्गावरच्या वाठार स्टेशनचं. आदर्कीचा घाट चढून येणारी गाडी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. दुपारची कोयना एक्सप्रेस यायची वेळ झाली की आम्ही पोरं फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहायचो. गाडी थांबली की इंजिन जागेवर गडगडत राहायचं, पण एका लयीत नाही. मध्येच एक ठोका चुकल्यासारखं व्हायचं, पुन्हा सावरायचं. पायाखालची फरशी थरथरायची. गाडी सुटताना लोको पायलट, म्हणजे चालक, एकेक नॉच (ताकद वाढवायच्या दांड्याची एकेक पायरी) वाढवत जायचे आणि वर काळ्या धुराचा लोट उठायचा. तो धूर का, ते मामांनी सांगितलं. नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण हवा कोंबणारा टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो. त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. टर्बोची शीळ चढली की धूर आपोआप विरळ होतो. मग आम्ही धुराकडे न बघता त्या शीळेकडे कान लावून बसायला लागलो.

ते इंजिन अल्को घराण्यातलं. डब्ल्यूडीएम-2 या जातीची पहिली इंजिनं 1962 मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. 1964 च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते वाराणसीच्या कारखान्यातलं पहिलं इंजिन बाहेर पडलं. मूळ अल्को कंपनी 1969 मध्ये बंद पडली, पण वाराणसीत त्याच घराण्यातली इंजिनं पुढे कित्येक दशकं बनत राहिली. त्यांतल्या अनेकांची ताकद वाढवून 3100 अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-3ए झाली. पॅसेंजर असो, मेल असो, मालगाडी असो, जे जोडाल ते ओढलं. वाफेचं युग आणि विजेचं युग यांच्या मधला मोठा भार या इंजिनांनी वाहिला. त्या काळाची आठवण म्हणून निदान एक आवाज तरी शिल्लक राहू नये?

इंग्लंडमध्ये हे झालेलं आहे. तिथे डेल्टिक नावाची 22 डिझेल इंजिनं लंडन-एडिंबरा मार्गावर धावायची. प्रत्येकाच्या पोटात दोन डिझेल यंत्रं, मिळून 3300 अश्वशक्ती. 2 जानेवारी 1982 ला त्यांची शेवटची निरोपाची गाडी धावली. त्यांतली सहा वाचली, आणि त्यांतल्या काहींनी पुढे मुख्य मार्गावर पुन्हा गाड्या ओढल्या. यामागे हौशी माणसांची वर्गणी आणि सुट्टीच्या दिवशी केलेलं काम होतं.

आपल्याकडे इंजिन कंडम झालं की लिलाव होतो. मोटरमधल्या तांब्याला भाव येतो, बाकीचं कापून भंगारात. नशीब चांगलं असेल तर एखादं चौथऱ्यावर चढतं. असं एक मी जवळून पाहिलं. रंग ताजा, नंबर ठळक, पण दारं वेल्डिंग करून बंद केलेली. जाळीतून आत डोकावलो तर आत पाणी साचलेलं आणि त्यावर पिंपळाची पानं. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

आणि इंजिनाबरोबर हातही जातात, याची मला जास्त काळजी वाटते. मामा पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. चालू इंजिनाच्या आवाजात फरक वाटला की ते सिलिंडरकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळ्यांवर एकामागून एक बोटं ठेवत जायचे. वैद्याने नाडी बघावी तशी. प्रत्येक नळीत ठोका लागतो. जिथे ठोका मंद, तिथला पंप दुबळा. ही गोष्ट पुस्तकात वाचून येत नाही, आणि बंद इंजिनावर शिकवता येत नाही. इंजिन चालूच हवं. आज हे जाणणारी माणसं साठी-सत्तरीत आहेत. आणखी दहा वर्षांनी इंजिन मिळेलही, पण नाडी बघणारा कुठून आणायचा?

मामांना मी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात घेऊन गेलो होतो. तिथे 18040 उभं आहे, अमेरिकेतून आलेलं पहिलं डब्ल्यूडीएम-2. मामा त्याच्याभोवती दोनदा फिरले. मग त्याच्या एका दारावर तळहात ठेवून बराच वेळ गप्प उभे राहिले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. तर ते वळून म्हणाले, “आधी हाताने फिरवून बघायचं, सिलिंडरमध्ये पाणी साठलंय का ते. मग तेल, पाणी, आठ बॅटऱ्या. कुणी परवानगी देतंय का विचार की रे.”