ग्रामपंचायतीला उभी राहिले : माझा अनुभव

जानेवारी २०२१ ला आमच्या ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं, तेव्हा राज्यात एकदमच १४ हजारांच्या वर ग्रामपंचायतींचं होतं. आमच्या प्रभागात तीन जागा, त्यातली एक सर्वसाधारण स्त्री. वस्तीवर नळाला पाणी तीन दिवसाआड, ग्रामसभेत दोनदा विचारलं तरी कुणी नीट उत्तर देईना, म्हणून म्हटलं आपणच उभं राहू. कुठल्याही पॅनलमध्ये न जाता.

मतं मागायचं मला टेन्शन नव्हतं, खरी धावपळ झाली कागदांची. फॉर्म २३ ते ३० डिसेंबर, पण मधे २५, २६, २७ सुट्टी, म्हणजे हातात पाचच दिवस. घरपट्टी पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत याचं घोषणापत्र, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं, शिवाय निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्म असेल तर सातवी पासचा पुरावा पण लागतो, मला तो लागला नाही.

आणि २९ तारखेला रात्री साडेदहाला मतदार यादी चाळताना लक्षात आलं की माझी सूचक, म्हणजे फॉर्मवर माझं नाव सुचवणारी म्हणून जिची सही घेतली ती धाकटी जाऊ, तिचं नाव शेजारच्या प्रभागात! एकाच घरात राहतो आम्ही. उमेदवाराचं नाव गावात कुठल्याही प्रभागात चालतं पण सूचक त्याच प्रभागातला लागतो. पोटात गोळाच आला. सकाळी सहाला चुलत सासूबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा शोधला, कागद पाटावर ठेवला आणि एकेक अक्षर जोडत सही केली, हात थरथरत होता पण मधे थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, पाण्याचं बघ तेवढं."

ऑनलाइन साईट तर सारखी अडकत होती, सायबरमध्ये दोन दिवस रांगा. शेवटी निवडणूक आयोगानेच कागदावर फॉर्म घ्यायला परवानगी दिली आणि ३० तारखेची वेळ साडेपाचपर्यंत वाढवली, त्यामुळे माझ्यासारखे कितीतरी जण वाचले.

३१ ला छाननीत माझा फॉर्म वैध झाला. मग ४ जानेवारीला तीन वाजेपर्यंत माघारीची मुदत, तोपर्यंत घरी माणसांची ये-जा. "वहिनी, बिनविरोध करू, गावाचं भलं होईल." मी सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांना नाहीच म्हटलं, कारण बिनविरोध झालं की पाण्याचा विषय परत मागे पडणार हे मला दिसत होतं. चिन्ह म्हणून शिट्टी मागितली होती, मिळाली कपबशी. दहा दिवस घरोघर फिरले, आणि जास्त वेळ गेला तो म्हाताऱ्या माणसांना तीन जागांची तीन बटणं दाबायची हे समजावण्यात.

१८ तारखेला मोजणी. १४ मतांनी पडले. दोन दिवस कुणाशी बोलले नाही, खोटं कशाला सांगू.

पण हे आवर्जून लिहिते, पडलात तरी निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत उभं राहता येत नाही. आमच्याकडे पडलेले बरेच जण म्हणाले आता कशाला. आमच्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला तेव्हा खर्चाची मर्यादा २५ हजार होती, माझा खर्च त्याच्या निम्म्याच्याही खाली होता, पॅम्प्लेट आणि रिक्षाच्या भाड्याच्या पावत्यांसकट सगळं चिकटवून तहसीलला नेऊन दिलं आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. ती पोच फाईलीत आहे. जाऊबाईचं नाव आमच्या प्रभागात घ्यायचा अर्ज पण दिलाय, पुढच्या वेळेला सूचक तीच असणार.