काकूंना दिसलेला दिवा

ऐन थंडीत गेलेली वीज काल दुपारी आली आणि दोन रात्री मोटारहोममध्ये, म्हणजे आमच्या झोपायची सोय असलेल्या गाडीत, काढून आम्ही घरात परतलो. अंथरुणे वाळत घातली, नळ एकेक करून सोडून पाहिले. कुठेही गळती नाही. तरीही काल संध्याकाळी कुंपणापाशी शेजारच्या काकू जे सहज बोलून गेल्या, ते आज दिवसभर मनातून हललेले नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीतला दिवा दिसत होता तोवर मला सोबत वाटत होती." त्या 'तोवर'पाशी मी अडकलो आहे. दिवा मी साडेनऊला मालवला होता.

त्या रात्री मलाही सोप्या गेल्या नाहीत. घरातल्या नळांमध्ये पाणी गोठले तर ते सुमारे ९ टक्के फुगते आणि नळ फुटतात, म्हणून मुख्य झडप बंद करून सगळे नळ मी अंधारात रिकामे केले. मोटारहोमची टाकी हिवाळ्यासाठी आधीच रिकामी केलेली असल्याने प्यायचे पाणी कॅनमधून वाहून नेले. बाबांना आतल्या बिछान्यावर नीट झोपवले, धाकटीला हिच्याजवळ दिले, आणि मी चालकाच्या खुर्चीत बसून रात्रभर हीटरच्या पंख्याचा आवाज ऐकत राहिलो. हे सगळे मी एकट्याने केले आणि मला कोणी बरे आहे का म्हणून विचारलेही नाही, असे पहाटे वाटले होते. ते आता लिहितानाही वाटते आहे. हिच्याशी त्यावर बोलायचे आहे, आज नको.

दिवा मालवला तो बॅटरीसाठी. आमचा हीटर प्रोपेनवर चालतो आणि गॅस भरपूर होता. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो, त्यामुळे थंडीने तो अडण्याची भीती नव्हती. परंतु गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि पंखा थांबला की सुरक्षेसाठी ज्योतही पेटत नाही. आमच्या दोन्ही बॅटऱ्या मिळून २०० अँपिअर-तासांच्या आहेत, म्हणजे एक अँपिअर ओढला तर २०० तास पुरतील एवढ्या. त्या शिशाच्या असल्यामुळे निम्म्याहून जास्त उपसल्या तर लवकर खराब होतात, म्हणजे हाताशी उरतात १००. पंखा ७ अँपिअर ओढतो आणि तासातला अर्धा वेळ चालतो असे धरले, तर १४ तासांच्या रात्रीला ४९ लागतात. वहीत मी हे सारे मांडले होते. दोन रात्रींचा हिशेब जेमतेम बसत होता, आणि वीज कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हते. इंजिन चालवून बॅटरी भरण्याचा विचार मनात आला, पण सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला होता आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत माणसे झोपलेली असताना ते धाडस मी केले नाही. म्हणून दिवा गेला.

आज तीच वही पुन्हा उघडली. त्या खिडकीतला दिवा ३ वॅटचा आहे. तो दहा तास जळता तर अडीच अँपिअर-तास लागले असते. अर्धा वेळ चालणाऱ्या पंख्याचा पाऊण तास.

खरे म्हणजे टोचते आहे ते दिव्याच्याही अलीकडचे आहे. पहिल्या रात्री काकूंची खिडकी काळीकुट्ट दिसली तेव्हा त्यांना बोलवावे असे माझ्या मनात आले होते. लगेच मी मोजू लागलो: आत माणूस वाढला की श्वासातली वाफ वाढणार, काचांवरून आधीच पाणी ओघळत होते, छताचे झाकण आणखी उघडावे लागणार, मग पंखा जास्त चालणार. यातले काहीही खोटे नव्हते. पण हे आकडे मी बोलवायचे की नाही हे ठरवण्यासाठी मांडले नव्हते; नाही बोलवायचे हे आधी ठरले होते आणि आकडे मागाहून आले. समोरचे टेबल खाली उतरवले की तिथे एका माणसाचा बिछाना होतो, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नाही.

दुपारी त्यांच्याकडे जाऊन सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझ्या गाडीची पायरी केवढी उंच! मला कुठली चढता आली असती?" ते खरेही असेल, मला मोकळे करण्यासाठीही असेल. मी घाबरलो की असा हिशेबात शिरतो, हे बाबांना माझ्या लहानपणापासून माहीत आहे आणि त्यांनी ते कधी मनावर घेतले नाही. मीही ते आता नाकारणार नाही.

पायरी मोजली. जमिनीपासून ३८ सेंटिमीटर आहे. मध्ये एक लाकडी पाट बसवला तर निम्मी होईल. बॅटऱ्या भरायला लावल्या आहेत. वहीत रात्रीच्या खर्चात दिव्याचे अडीच अँपिअर-तास पंख्याच्या खालीच लिहिले. दिवा मालवल्यानंतर काकू किती वेळ जाग्या होत्या, ते मात्र मला अजून विचारता आलेले नाही.