दाखला मागायला येणारे पालक

दिवस गेलेल्या मुलीला शाळा सहसा काढून टाकत नाही. आईवडीलच येतात आणि दाखला मागतात. अर्जावर कारण 'घरगुती'. मुख्याध्यापकाने सही केली की शाळा मोकळी.

मी त्या खुर्चीत होते तेव्हा असा अर्ज आधी ठेवून घ्यायचे. मुलीशी एकटीशी बोलल्याशिवाय सही नाही. आईवडील समोर असताना ती बोलणार नाही, कारण त्रास देणारा माणूस घरातलाच असू शकतो. शाळेतलाही असू शकतो, हे मुख्याध्यापकांना ऐकवत नाही. पण मुलगी अल्पवयीन आहे. 'आपसात मिटवू' म्हणायचा अधिकार आपल्याला नाहीच. बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं, आणि त्याआधी तिला सांगायचं की कोणाला, काय कळवतोय. डॉक्टरही लगेच हवा. कोवळ्या वयात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो. शाळेत हे कळायचं ते मी, वर्गशिक्षिका आणि समुपदेशक, एवढ्यांनाच.

"बाई, हिला बघून बाकीच्या मुली बिघडतील," असं एक आई स्वतःच्या मुलीबद्दल म्हणाली होती. शिक्षकांच्या खोलीतही तेच. अहो, शेजारच्या बाकावर बसून कुणाला दिवस जात नाहीत! सिएरा लिओन सरकारने २०१५ मध्ये हाच युक्तिवाद करून गरोदर मुलींना शाळाबंदी केली होती. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संयुक्त न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात तिला भेदभाव ठरवलं, आणि मार्च २०२० मध्ये ती उठली. टांझानियानेही २०२१ मध्ये बाळंतपणानंतर परत येणाऱ्या मुलींना सरकारी शाळांची दारं उघडली.

संबंधित मुलगा शाळेतलाच असला, तर तो मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात हजर. त्याचा दाखला मागायला कुणी येत नाही.

बाकीची कामं साधी असतात. वर्ग तळमजल्यावर आणायचा, खेळाच्या तासाला सूट द्यायची, परीक्षेची तारीख प्रसूतीच्या आसपास येत असेल तर मंडळाला आधीच पत्र टाकायचं. बाळ झाल्यावर ती परत येते तेव्हा जास्त अडतं: अंगावर पाजायला मधे घरी जावं लागतं, सकाळी उशीर होतो, आणि उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी उभं करायचा नियम आपणच केलेला असतो. शिवाय सलग गैरहजर राहिलेल्यांची नावं कमी करायची, हे कारकुनाचं ठरलेलं काम. तो बिचारा कारण विचारत बसत नाही. म्हणून 'वैद्यकीय रजा' हा शेरा ती रजेवर जाण्याआधीच हजेरीपटावर पडलेला बरा, आणि तोही मुख्याध्यापकाच्या सहीनिशी.