खुर्चीचा हात

माझा नवरा महिन्यातले दहा दिवस विमानात असतो आणि उरलेले वीस दिवस त्या विमानांचे मैल मोजत असतो. साठलेल्या मैलांचं पुढे काय होतं हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. या उन्हाळ्यात कळलं, त्यांची तिकिटं होतात. बहिणीकडे सिॲटलला जायचं ठरलं, त्याला सुट्टी मिळेना, तेव्हा त्याने आपलं सगळं पुण्य आमच्या नावावर वर्ग केलं. मी, सहा महिन्यांसाठी मिरजेहून आलेली माझी आई आणि नुकतेच दोन वर्षांचे झालेले चिरंजीव. न्यूअर्क ते सिॲटल, चोवीसशे मैल, सहा तास. फर्स्ट क्लास.

फर्स्ट क्लास म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मी एक्सप्रेस उभी राहिली. बाबा बँकेत होते, एलटीसी, म्हणजे सुट्टीतला प्रवासखर्च, मिळायचा, तेव्हा फर्स्ट क्लासने दोनदा मुंबईला गेलो होतो. सरकतं दार, आतून कडी, खिडकीखाली छोटं टेबल.

"कूपे मिळेल का गं?" तिने विचारलं.

"आई, विमान आहे."

"ते कळलं मला. दार लागतं का, एवढंच विचारतेय."

दार लागणारी विमानंही आहेत. एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये फर्स्ट क्लासला प्रत्येकाची वेगळी खोली असते, दार ओढून घेता येतं, आणि वरती चक्क अंघोळीची सोय असते. शॉवरचं पाणी मात्र पाच मिनिटं, मोजून. हे सांगितल्यावर आईने नातवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाच मिनिटांत याचा नुसता सदरा निघेल." पण अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरणाऱ्या बहुतेक विमानांत तसलं काही नाही. आमच्या विमानात फर्स्ट क्लास म्हणजे पुढच्या बाजूला पाच रांगा, वीस रुंद खुर्च्या आणि मागे एक पडदा. मागच्या जनतेने आत डोकावू नये म्हणून तो पडदा असतो. बाकी विमान तेच, पायलट तोच, आणि पोचतातही सगळे एकदमच.

तर रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभं राहून आयपॅडवर सीट निवडायचा कार्यक्रम सुरू झाला. आई चष्मा लावून शेजारी.

"ए, बी, मग एकदम ई, एफ? सी आणि डी कुठे गेले?"

मागे एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्या असतात, ए ते एफ. पुढे दोन-दोनच मावतात, पण खिडकीचं अक्षर पुढून मागपर्यंत तेच राहावं म्हणून मधली दोन गाळतात. हे मी तिला समजावून सांगितलं. "म्हणजे श्रीमंतांच्या रुंदीसाठी दोघांना घराबाहेर काढलं," आई म्हणाली.

दोन-दोनच्या रचनेत खरी गोची होते ती तिघांची. दोघं एकत्र बसणार आणि तिसरा मधली वाट ओलांडून पलीकडे, परक्या माणसाशेजारी. आईला हे अजिबात नवं नव्हतं. चार जणांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं असायचो आणि चौथा कोण येणार याची धाकधूक चार्ट लागेपर्यंत असायची. बाबा प्लॅटफॉर्मवर चार्टपुढे उभे राहून बोट फिरवत चौथं नाव आणि वय वाचून यायचे. "पुरुष, बासष्ट," असं ते खिडकीतून सांगायचे. मग आई ठरवायची, की वरच्या बर्थवर मला चढवायचं की स्वतः चढायचं. इथे चौथ्याचं नाव कळत नाही, वय तर नाहीच. चौकोन नुसता करडा होतो, म्हणजे कुणीतरी घेतला.

मी आधी पहिली रांग निवडली. साधा विचार होता. पुढे भिंत, त्यामुळे पुढच्याच्या पाठीत लाथा बसायचा प्रश्नच नाही. ज्यांनी दोन वर्षांचं मूल घेऊन विमानप्रवास केलाय त्यांना या लाथांची भौमितिक अपरिहार्यता सांगायला नको. मोठ्या माणसाचे पाय गुडघ्यात वाकून खाली लोंबतात. एवढ्याशा मुलाचा गुडघा खुर्चीच्या कडेपर्यंत येतच नाही. पाय सरळ समोर, एखाद्या बाहुलीसारखे. मागच्या डब्यात दोन रांगांमधलं अंतर तीस-एकतीस इंच, त्यामुळे बुटाचं टोक बरोबर पुढच्याच्या ट्रेच्या खटक्याशी. तो खटका म्हणजे काय हे एकदा समजलं की ट्रे पडतो, लागतो, पडतो, लागतो. पुढचा माणूस पहिल्यांदा मान वळवून हसतो. दुसऱ्यांदा नुसती मान वळवतो.

पण पहिल्या रांगेत पुढे खुर्ची नाही, म्हणजे खुर्चीखालची जागाही नाही. उडताना आणि उतरताना सगळ्या पिशव्या वरच्या कप्प्यात. म्हणजे धावपट्टीवर रांगेत चाळीस मिनिटं उभं राहायची वेळ आली, तर डायपर, दूध, पुस्तक आणि ज्याच्याशिवाय झोप येत नाही तो कान तुटका ससा, हे सगळं डोक्यावर, डोळ्यांपुढे, पण हाताबाहेर. भरीला तिथले ट्रे खुर्चीच्या हातातून निघतात, त्यामुळे ते हात जाड असतात आणि बसायची जागा तेवढीच कमी होते. आमच्याकडे कार-सीट होती. सिॲटलला बहिणीच्या गाडीत लागणारच होती, तर विमानातही हीच लावू असं ठरलं होतं. त्यासाठी मी जमिनीवर बसून तिच्या बुडाशी, वाळलेल्या चिकट ज्यूसखाली, विमानात चालते असं सांगणारी लाल अक्षरं शोधून काढली होती. अशी सीट खिडकीशीच लावावी लागते, कारण वाट अडता कामा नये. म्हणजे आमच्या साहेबांची खिडकी पक्की झाली. स्वतःहून मागितली नसती तरी मिळाली असती अशी बहुधा त्यांची आयुष्यातली ही पहिली आणि शेवटची गोष्ट.

मग हिशोब केला. फर्स्ट क्लासमध्ये दोन रांगांत साधारण सदतीस-अडतीस इंच असतात. कार-सीटमुळे मूल थोडं पुढे येतं हे धरूनही बूट पुढच्या पाठीपर्यंत पोचत नाही. विमान कंपन्या शॅम्पेनची जाहिरात करतात, रुंद खुर्चीची करतात. "आपल्या मुलाचे पाय पोचणार नाहीत" अशी जाहिरात केली तर निदान चार आयांनी तरी अंगावरचं सोनं मोडलं असतं. तिसरी रांग घेतली. ३-ए खिडकी, ३-बी मी, वाटेपलीकडे ३-ई आई. आणि ३-एफ करडा.

त्या ३-एफने मला दोन रात्री जागवलं. कोण असेल तो? आपल्या पैशाने शांतता विकत घेतलेला माणूस. त्याने तिकीट काढताना आमचे चौकोन मोकळेच बघितले असतील, पण तिथे दोन वर्षांचा मुलगा येणार हे त्याला कसं कळणार? मलेशिया एअरलाइन्सने २०११ मध्ये जम्बो विमानांच्या फर्स्ट क्लासमध्ये तान्ह्या मुलांना बंदीच घातली होती. इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालच्यांना बंद केल्या, शांततेसाठी. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. बातमी वाचून मी ऑफिसातल्या मैत्रिणीला "फारच छान" असं म्हटलं होतं, हे मला स्वच्छ आठवतंय, आणि तीही हे विसरलेली नाही. आता उलट बाजूने बघताना वाटतं, की दोन वर्षं पूर्ण झाल्याच्या दिवसापासून माझ्या मुलाचं पूर्ण तिकीट लागतं. त्याआधी मांडीवर फुकट. पूर्ण तिकीट घेणाऱ्याला पूर्ण प्रवासी म्हणायला काय हरकत आहे? हल्ली काही आईबाप शेजाऱ्यांना चॉकलेट आणि कानात घालायचे बोळे असलेल्या पुरचुंड्या वाटतात, सोबत "माफ करा" अशी चिठ्ठी. मला ते पटत नाही. काही केलंच नाही तर माफी कसली? आणि आगाऊ माफी घेतलेलं मूल हमखास रडतं, हा माझा अंधश्रद्धेच्या बरोबरीने जपलेला समज आहे.

प्रवासाचा दिवस उजाडला. आत जायला आम्ही पहिले. आई पायरीवर उजवा पाय ठेवून चढली, विमानाच्या दाराच्या कडेला हात लावून नमस्कार केला आणि तिसऱ्या रांगेत बसून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवला. "ऐसपैस आहे," असा निकाल दिला. मग पुढच्या खुर्चीखाली तिची ती खाकी कापडी पिशवी सरकवली. त्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट-भाताचा डबा, ओला रुमाल, आणि का कोण जाणे, घराची किल्ली होती. मिरजेच्या घराची.

३-एफ आला. पस्तिशीचा, दाढीवाला, हुडी घातलेला. कानांवर मोठाले हेडफोन चढवले, डोळ्यांवर पट्टी ओढली, आणि विमान हलायच्या आत झोपला. सिॲटलला चाकं टेकल्यावर उठला. आमच्यात मूल आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं. माझ्या दोन रात्री कुणी भरून देणार नाही.

पहिले दोन तास फार चांगले गेले. चिरंजीवांनी दिव्याचं बटण शोधलं आणि त्यातच रमले. जेवणाचा ट्रे आला, त्यावर कापडी रुमाल, काचेचा ग्लास. ग्लास मी ताबडतोब परत पाठवला. ब्रेडला चिरंजीवांनी लांबूनच रामराम केला. मग वाटेपलीकडून मेतकूट-भाताची वाहतूक सुरू झाली. आई डबा मांडीवर धरून चमच्यात घास घ्यायची, वाट मोकळी आहे का बघायची, आणि हात लांब करायची. मी मध्यस्थ. एकदा हवाई सुंदरी मधोमध येऊन थांबली, चमचा जाईपर्यंत उभी राहिली, आणि मग पुढे गेली. फर्स्ट क्लासच्या त्या थंड, कॉफीचा वास असलेल्या हवेत मेतकुटाचा वास हळूहळू पसरत गेला. पडद्यामागेही गेला असणार.

तिसऱ्या तासाला झोप आली आणि गणित बिघडलं.

त्याला कार-सीटमध्ये झोपायचं नव्हतं. "मांडी" असं त्याने जाहीर केलं. घेतलं मांडीवर. पण दोन वर्षांचं मूल मांडीवर मावत नाही, ते मांडीवरून सुरू होतं आणि शेजारच्या खुर्चीत संपतं. मागच्या हिवाळ्यात शिकागोला जाताना असंच झालं होतं. साध्या डब्यात, एका ओळीत तीन खुर्च्या. आम्ही मधले दोन्ही हात वर करून पाठीत सरकवून टाकले, आणि हा आडवा. डोकं माझ्या मांडीवर, पाय नवऱ्याच्या, झोळीत ठेवल्यासारखा. तो फोटो घरच्या ग्रुपवर अजून फिरतो. इथे मी सवयीने खुर्चीचा हात वर करायला गेले. हलेना. बटण शोधलं, खालून चाचपलं. तो हात नव्हताच. ग्लास ठेवायला, कोपर टेकायला केलेला वीतभर रुंद, पक्का ओटा होता तो. दोन अनोळखी माणसांची कोपरं एकमेकांना लागू नयेत म्हणून बांधलेला. त्यासाठीच तर लोक जास्तीचे पैसे देतात.

मुलाचे पाय त्या कठड्यावरून पलीकडे रिकाम्या कार-सीटवर टाकले. पोटऱ्यांखाली कड रुतत होती. तो कण्हला. उठला. फिरला. पुन्हा झोपला, पुन्हा कड. बायकोला शेजारी बसवूनही तिला हात लावू न देणारी अशी ही उंची व्यवस्था, आणि तिच्यावर आडवा पडू पाहणारा हा अडीच फुटांचा प्राणी. बाजूला वीस हजारांच्या वर रुपयांची एक खुर्ची निव्वळ पायांसाठी.

आई वाटेपलीकडून हे सगळं बघत होती. मग तिने अंगावरची शाल काढली, चार घड्या घातल्या, आणि वाट ओलांडून माझ्या हातात दिली. कठड्यावर शाल, शालीवर पाय. तेव्हा कुठे झोपला. आईला शालीशिवाय थंडी वाजत होती. तिने कंपनीचं ब्लँकेट घेतलं खरं, पण "याला काही वजनच नाही" म्हणून शेवटपर्यंत नाराज. उरलेला वेळ ती वाटेत हात लोंबकळत ठेवून बसली होती, नातवाच्या डोक्यापासून फूटभर अंतरावर. येणारे-जाणारे तो हात ओलांडून जात होते.

उतरताना त्याचे कान दुखू नयेत म्हणून मी दूध पाजत राहिले. गिळत राहिलं की कानातला दाब सुटतो. पलीकडच्या खिडकीतून बर्फाचा एक प्रचंड डोंगर ढगांच्या वर एकटाच बसलेला दिसत होता. माउंट रेनिअर. झोपलेल्या ३-एफच्या पोटावरून वाकून आईने तो बघून घेतला. आमच्या खिडकीत नुसते ढग. कार-सीटचा मालक त्यांना "साबण" म्हणत होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आई बहिणीच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होती. चिरंजीव टरफलं एका भांड्यातून दुसऱ्यात टाकत होते.

"येतानाचंही अपग्रेड होतंय असं दिसतंय," तो खुशीत म्हणाला. "तिघांचंही. करून टाकू?"

मी आईकडे पाहिलं. तिने एक शेंग उघडली, दाणे काढले, नातवाला रिकामं टरफल दिलं.

"जावईबापूंना म्हणावं, कष्ट नका घेऊ. मागे तिघांना सलग मिळतंय का, तेवढं बघा," ती म्हणाली. "आणि विचार त्यांना, तिथला हात वर होतो ना?"