भेंडीला लाल दोरा

रविवार

भेंडी तोडायला निघालो तर लेकीने टोपली आधीच डोक्यावर पालथी घातलेली. टोपलीचा तिच्या लेखी तेवढाच उपयोग. वय साडेचार. भेंडीची लव हाताला खाजते म्हणून हातात पायमोजे चढवलेले, ही कल्पना तिचीच.

मी झाडांवरून नजर फिरवून सात भेंड्या काढल्या, "झालं, चला" म्हटलं. ही उकिडवी बसून म्हणाली, "बाबा, अजून एक आहे. मोठ्ठी."

होतीच. पानाआड, खोडाला लागून उभी, वीतभर लांब आणि इतकी निबर की शेंडा मोडायला गेलो तर नुसता वाकला. फूल गळल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी काढायची असते. हिला त्याच्या दुप्पट दिवस झाले असणार, आणि तेवढे सगळे दिवस मी रोज सकाळी तिच्या डोक्यावरून बघत पुढे गेलो होतो.

भेंडीची पानं पंजाएवढी, वरून छत्रीसारखी पसरलेली. मला दिसतात ती पानं. तिला दिसतं पानांखालचं सगळं. बागेत आजवर जे काही सापडलं ते बहुतेक तिलाच सापडलंय आणि मी ते तिच्या हुशारीच्या खात्यावर जमा करत आलोय. खरं तर ते उंचीचं काम. (थोडं हुशारीचंही असेल, बापाने अगदीच नाकारू नये.)

मंगळवार

मला उशीर झाला, पाणी तिनेच घातलं. म्हणजे एका मिरचीच्या रोपाला अख्खी झारी आणि बाकीचा वाफा कोरडा ठणठणीत. त्या मिरचीशी तिची खास मैत्री आहे. शेवटी मातीत बोट खुपसून बघायला शिकवलं: दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. तेव्हापासून ती कुंडी, पायपुसणं आणि माझा कान तपासून "ओलं आहे" असा निकाल देते.

गुरुवार

आज मी तिच्यावर ओरडलो.

भोपळ्याच्या वेलाला सुरुवातीला नुसती नर फुलं येतात. एक-दोन ठेवून बाकीची तोडायची परवानगी मीच दिलेली होती. रोज सकाळी एक पिवळं फूल कानामागे खोचून स्वारी घरात यायची. आज आणलेल्या फुलाखाली लिंबाएवढा हिरवा गोळा होता. वेलाचं पहिलं मादी फूल. माझ्या तोंडून "अगं, काय केलंस हे!" निघून गेलं आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला.

चूक माझी. दोन फुलांतला फरक मी तिला कधी दाखवलाच नव्हता. मग दोन्ही फुलं पायरीवर ठेवून बसलो. नर फूल बारीक, लांब देठावर. आत मधोमध एक दांडा, बोट लावलं की बोट पिवळं. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा तयारच असतो, आत चिकट, फुगीर गोंडा. तो पिवळा भुगा या गोंड्याला लागला तरच भोपळा वाढतो, नाहीतर चार दिवसांत पिवळा पडून गळतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्यावर बोट ठेवून विचारलं, "याला परत चिकटवायचं का?"

पेरणीच्या वेळीही असंच झालं होतं. घेवडा पेरला की संध्याकाळी उकरून बघायचा, पुन्हा पुरायचा. तिसऱ्या दिवशी एक बी तिच्या तळहातावर होतं, मूळ नुकतंच बाहेर डोकावलेलं, तुटलेलं. तेव्हा मी काचेच्या पेल्यात ओला कागद गुंडाळला आणि काच नि कागद यांच्यामध्ये दोन बिया सरकवल्या. वाफा सुटला. मूळ खाली निघालं, तर हिने एक बी उलटं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर मुळाने वळण घेऊन पुन्हा खालची वाट धरलेली. "त्याला कसं कळलं?" या प्रश्नाला मी अजून तिला पटेल असं उत्तर देऊ शकलेलो नाही.

शनिवार

भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, त्यामुळे लवकर उठलो. उठवलं तिनेच. प्रत्येक फुलाखाली वाकून बघत गेली: "बाबा. बाबा. बाबा. आई!" एक मादी फूल सापडलं. एक नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढल्या, दांडा तिच्या हातात दिला आणि तो त्या गोंड्यावर हळूच फिरवायला सांगितलं. तिने श्वास रोखून फिरवला. नंतर पिवळं बोट फ्रॉकला पुसलं.

परतताना घेवड्यापाशी अडली. एका कोवळ्या शेंड्याकडे मुंग्यांची रांग चढत होती. ती रांगेच्या मागोमाग मान वर करत गेली आणि पानाच्या पाठीवर मावा सापडला, ठिपक्याएवढ्या हिरव्या किड्यांचा नुसता थर. मुंग्या त्याचा गोड चिकटा चाटायला येतात. त्या थरात एक काळपट, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरत होती. बारक्या मगरीसारखी. ती मावा खात होती. एक धरला, संपवला, दुसरा.

मी गप्प बसलो. अशा अळ्या मी आजवर कीड समजून चिरडत आलोय. ही लाल-काळ्या ढालकिड्याची पिल्लं, आणि मोठ्या किड्यांसारखी तीही माव्यावर जगतात, हे मला अलीकडेच कळलं. लेकीला यातलं काही सांगितलं नाही. पाऊण तास आम्ही जमिनीवर पालथे पडून होतो. माझी कोपरं अजून दुखतायत.

रविवार

निबर भेंडी कापली ते बरोबर झालं नाही, असं आज तिचं म्हणणं पडलं. "तिच्यात बिया होत्या." मग ठरलं, यावेळी एक भेंडी बियांसाठी झाडावर ठेवायची. महिनाभर तरी लागेल. शेंग तपकिरी होऊन कडांवर तडकली की काढायची. खूण म्हणून लाल दोरा दिला. कोणती भेंडी ते तिनेच निवडलं, अर्थातच तिच्या नाकासमोरची. गाठ मी मारली.

संध्याकाळी भेंडी काढायला गेलो तर दोऱ्याचं रीळ वाफ्यात लोळत होतं आणि खालच्या अकरा भेंड्यांना दोरे गुंडाळलेले. वरच्या तीन मोकळ्या होत्या, तिचा हात न पोचणाऱ्या. त्या तेवढ्या घेऊन आलो.