नाताळची थप्पी : चेंजर फिरायला लागला

नोव्हेंबर संपताना

मामाच्या रेडिओग्राममधला गॅरार्ड कंपनीचा चेंजर (वर रचलेल्या रेकॉर्ड आपोआप एकेक पाडून वाजवणारं यंत्र) बाहेर काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलाय. कपाट हॉलमध्येच आहे, ते हलवायचं म्हणजे चार माणसांचं काम. सासूबाईंनी एकदा चेंजरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "ओट्यावर काय आणून ठेवलीस गं? फोडणी कुठं घालू आता?"

त्यांचं खरं आहे. पण चोकवाली जुनी ट्यूब आता घरात तेवढ्या एकाच ठिकाणी उरलीय, बाकी सगळीकडे एलईडी. स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायची रेषांची तबकडी बघायची तर ती ट्यूबच पाहिजे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी तबकडीवर 180 रेषा असतात. वेग बरोबर असला की रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. आमच्या रेषा मागे मागे सरकत होत्या. म्हणजे रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती थाळी आळसावलीय.

चांगला टर्नटेबल घरात असताना हा खटाटोप कशाला, असं विचारणारे आहेतच (पहिले आमचे हे). माझ्याकडच्या नाताळच्या सोल (चर्चच्या गाण्यातून आलेलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) रेकॉर्ड बहुतेक सगळ्या सात इंची, 45 च्या. एक बाजू अडीच-तीन मिनिटांत संपते. आणि त्या ऐकायची वेळ नेमकी फराळाची. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळी, शेंगापोळी सगळं साग्रसंगीत असतं. करंजीला मुरड घालता घालता उठायचं, हात धुवायचे, पुसायचे, रेकॉर्ड पालटायची, परत बसायचं. तोवर सारण सुकतं आणि सासूबाईंचा चेहराही. चेंजरवर सात-आठ रेकॉर्डची थप्पी चढवली की वीसेक मिनिटांची निश्चिंती.

म्हणून यंदाचं काम ठरलं ते असं: चेंजर चालता करायचा, मामाच्या पेटीतल्या मोठ्या भोकाच्या अमेरिकन रेकॉर्ड त्यावर बसवायच्या, आणि थप्पीचा क्रम लावायचा. तिसरं काम सगळ्यात सोपं वाटलं होतं.

रबर

थाळी आळसावण्याचं कारण उघडल्यावर लगेच दिसलं. मोटरच्या पुलीवरून फेरा थाळीच्या आतल्या कडेला पोचवणारं एक रबरी चाक असतं. इतक्या उन्हाळ्यांनंतर त्याची आपली कडक भाकरी झाली होती. नखानं दाबलं तर नखच वाकतं. असं चाक घसरतं, वेग पडतो, वर मोटरची घरघर थाळीत उतरते.

आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोलला रबर चढवून देणारे कारागीर आहेत, त्यातल्या एकाकडे गेले. त्यांना काळजी एकच. "मॅडम, जुन्याचं नेमकं माप सांगा, न्हाईतर तुमचं मशीन जोरात पळंल."

हे इथं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्यातल्याही बऱ्याच जणांचा असाच समज असतो. मधल्या चाकाचा व्यास थोडा कमी-जास्त झाला तरी थाळीचा वेग बदलत नाही. वेग ठरतो पुलीच्या आणि थाळीच्या कडेच्या मापावर. मधलं चाक नुसता निरोप्या. ते पुरेसं गोल पाहिजे, कडा सपाट पाहिजे, रबर मऊ पाहिजे, बस्स. त्यांनी लेथवर घासून ते इतकं गोल करून दिलं की मला दुकानातून निघवेना.

ग्रीसचं काम घरीच केलं. खालच्या बाजूचं जुनं ग्रीस वाळून पिवळं मेण झालं होतं. रॉकेल आता मिळत नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन, जुना टूथब्रश आणि खिडक्या सताड उघड्या. नवं ग्रीस अगदी बेताचं. गाणं संपलं हे ओळखून पुढचं चक्र सुरू करणारी जी छोटी हलकी पट्टी असते तिला तेल-ग्रीस काही लावायचं नाही, ती कोरडीच ठेवायची. तिथं तेल गेलं की धूळ बसते, पट्टी चिकटते आणि सुई शेवटच्या रेघेत घुटमळत बसते.

आता रेषा उभ्या राहतात. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की मोटर गुणगुणते, कारण आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा. त्याला इलाज नाही.

बुश

अमेरिकन 45 च्या मधलं भोक दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर. आपल्या चेंजरचा दांडा सात मिलिमीटरच्या जरा वर. एकेक रेकॉर्ड वाजवायची तर थाळीवर एक जाड चकती ठेवली की भागतं. थप्पीसाठी मात्र प्रत्येक रेकॉर्डच्या भोकात स्वतंत्र चकती घट्ट बसायला हवी, आणि ती रेकॉर्डच्या जाडीच्या वर यायला नको.

पूर्व भागात मागाचे सुटे भाग करणारा एक लेथवाला आहे. त्याला नमुना दाखवला, तर तो हसायलाच लागला. "ह्ये बुशच हाय की ओ! मागाचं आसतंय तसलंच. गाणं कुठनं येतंय ह्यातनं?" पांढऱ्या नायलॉनच्या दांड्यातून त्यानं काप काढले, मधलं भोक पाडलं, कडेला केसभर उतार दिला की चकती दाबून आत बसावी. पहिली चकती मी रेकॉर्डमध्ये बसवली तेव्हा बारीक 'टक्' असा आवाज आला, आणि आजूबाजूच्या दोन माणसांनी काम थांबवून ती रेकॉर्ड हातात घेऊन पाहिली. एकानं लेबलच्या भोवतीचे बारीक दाते बोटानं चाचपले आणि हे कशाला म्हणून विचारलं. ते दाते थप्पीसाठीच असतात. वरून पडणारी रेकॉर्ड खालच्या रेकॉर्डवर घसरू नये, लेबलला लेबल धरून दोघी बरोबर फिराव्यात. म्हणजे ज्यांनी या रेकॉर्ड केल्या त्यांनीही कोणाचे तरी हात कामात असणार हे धरलंच होतं.

धुणं

नळाला पाणी येण्याच्या दिवसाशी याचा संबंध नाही, कारण आपलं पाणी जड आहे आणि वाळल्यावर पांढरा थर सोडतं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा खळबळणं. सासूबाईंनी रिठे सुचवले होते. पैठणीला चालतात ते रेकॉर्डला चालणार नाहीत, असं सांगून सुटले.

वाळवायला ताटाळं. खरंच, याच्यासारखं दुसरं काही नाही. ताटल्यांच्या जागी काळ्या रेकॉर्ड उभ्या, खाली पंचा. जेवायला बसल्यावर ताट सापडेना तेव्हा ह्यांनी ओटिस रेडिंग या सोल गायकाच्या रेकॉर्डकडे बघून "ह्याच्यावर वाढ आता" म्हटलं.

एक सावधगिरी. अमेरिकन सात इंचीतल्या पुष्कळ रेकॉर्ड व्हिनाइलच्या नसून स्टायरिनच्या असतात. हातात हलक्या, कडक, टिचकी मारली तर आवाज खणखणीत. त्यांना अल्कोहोल लावू नये, आणि त्या झिजतातही लवकर. चेंजरला जुनी सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे, रेकॉर्डवर सुईचं वजन चार-पाच ग्रॅम. म्हणून स्टायरिनच्या आणि दुर्मीळ अशा सगळ्या हॉलमधल्या टर्नटेबलवर, जिथं वजन दोन ग्रॅम. थप्पीत फक्त धडधाकट मंडळी. हॉलमधल्या टर्नटेबलला मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) बटण लावून घेतलंय, तेही जमलं तर करा. जुन्या सात इंची बहुतेक मोनो असतात. दोन्ही चॅनल एकत्र केले की सुई वरखाली उडल्यानं होणारी बरीचशी खरखर एकमेकींत जिरते.

डिसेंबरच्या कोरड्या हवेत रेकॉर्ड पाकिटातून काढताना चटचट होते ती वेगळीच. ओलसर पंचा जवळ वाळत घालणं एवढाच माझा उपाय.

10 डिसेंबर

आज फक्त ओटिस. 1967 साली याच तारखेला त्याचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ मोनोना तळ्यात पडलं. वय 26. त्याच्याबरोबर बार-केज या वाद्यवृंदातली पोरंही गेली. विमानात असलेल्यांपैकी एकटा ट्रंपेटवाला बेन कॉली वाचला. त्याच्या 'डॉक ऑफ द बे' या गाण्याचं रेकॉर्डिंग नुकतंच पुरं झालं होतं. रेकॉर्ड बाजारात आली जानेवारी 1968 मध्ये. आणि नाताळच्या त्याच्या सात इंचीच्या एका बाजूला 'मेरी ख्रिसमस बेबी', दुसऱ्या बाजूला 'व्हाइट ख्रिसमस', तीही 1968 च्या नाताळला, तो नसताना.

'व्हाइट ख्रिसमस' शेकड्यांनी गायलंय. बहुतेक जण ते शालीसारखं पांघरतात. ओटिस ते मागतो. शब्द तोडून, पुन्हा धरून, भांडल्यासारखा. सोलापुरात बर्फाचं काय घेऊन बसलात, पण मागणं कळतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, 11 डिसेंबर, सॅम कुक गेला तो 1964 साली. आणि जेम्स ब्राऊन तर 2006 मध्ये नाताळच्याच दिवशी. सोल ऐकणाऱ्यांचा डिसेंबर असा असतो.

क्रम

हे काम सोपं वाटलं होतं, असं वर लिहिलंय.

पहिल्यांदा मी घंटावाल्या रेकॉर्ड बाजूला काढल्या. घुंगरं, स्लेज, हो-हो-हो. ऐकायला वाईट नाहीत, पण दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. उरल्या त्यांच्यात बघते तर सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: कोणीतरी घरी नाही, कधी येणार. माझ्या मते सोलमधला नाताळ हाच. चर्चमधल्या गाण्याची आस आणि माणसाची वाट पाहणं एकाच गळ्यात. सॅम कुक सोल स्टिरर्स या चर्चची गाणी गाणाऱ्या चमूतून आला, अरिथा फ्रँकलिन वडिलांच्या डेट्रॉइटच्या चर्चमधून. त्यांनी शब्द बदलले, सूर तसाच राहिला. लहानपणापासून 'उपासना संगीत' हे चर्चमधल्या गीतांचं पुस्तक हातात घेऊन ना. वा. टिळकांची पदं म्हणणाऱ्या बाईला हा सूर ओळखायला वेळ लागत नाही. परवा मी अरिथाची 1972 ची 'अमेझिंग ग्रेस' हॉलमध्ये लावली होती. सासूबाई शेंगा भाजत होत्या, आतूनच म्हणाल्या, "ही बाई देवळात म्हणायलीय बघ." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ती लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्येच ध्वनिमुद्रित झालीय, मंडळी समोर बसलेली असताना.

त्यात आमच्या लेकीचं पुण्याहून यायचं. हुतात्मा एक्सप्रेसचं 23 तारखेचं तिकीट अजून वेटिंगवर आहे आणि ह्यांनी दिवसातून किती वेळा फोनवर ते तपासावं याला ताळतंत्र नाही.

तर थप्पी. चेंजरवर सगळ्यात खालची रेकॉर्ड आधी पडते. सुरुवात बुकर टी आणि एमजीजच्या 1966 च्या 'जिंगल बेल्स'नं. घंटांना दिलेली ही एकमेव सवलत, कारण इथं हॅमंड ऑर्गन आहे आणि गाणारं कोणी नाही. करंज्यांना बसताना बोलणी चालू असतात. त्याच्यावर कार्ला थॉमसची 1963 ची 'जी व्हिझ, इट्स ख्रिसमस'. मग ओटिस. मग विल्यम बेलची 1967 ची 'एव्हरी डे विल बी लाइक अ हॉलिडे', जी मला या सगळ्यांत जास्त आवडते आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. इतकी सावकाश की चकली तुटत नाही. यातल्या बहुतेकांचा पत्ता एकच, मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओ. जुनं कॅपिटल थिएटर घेऊन खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. तिथल्या ड्रमचा आवाज खोलीच्या मागच्या भिंतीवरून परत आल्यासारखा येतो तो त्यामुळे, असं मी तरी मानते.

मग डॉनी हॅथवेची 1970 ची 'धिस ख्रिसमस'. शिकागोत मुद्रित झालेली, पहिल्यांदा फारशी न चाललेली आणि आता अमेरिकेत डिसेंबरभर सगळीकडे वाजणारी. या थप्पीतली ही एकटीच उघड आनंदी. शेवटी चार्ल्स ब्राऊनची 'प्लीज कम होम फॉर ख्रिसमस', 1960, सिनसिनाटीच्या किंग कंपनीची. हे सोल नव्हे, ब्लूज, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

गंमत पुढं आहे. थप्पी संपली की ती अख्खी उचलायची, उलटी करायची, परत दांड्यावर चढवायची. दुसऱ्या बाजू वाजतात, पण उलट्या क्रमानं, शेवटची आधी. म्हणजे क्रम दोन्हीकडून जमायला हवा. चार्ल्स ब्राऊनच्या मागे तो नाहीच, तिथं ॲमॉस मिलबर्न आहे, जरा ठसक्यातला. मधल्या चहानंतर तो सुरुवातीला येतो हे उत्तम. ओटिस दोन्हीकडून मधेच येतो. कार्लाच्या मागचं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' (हे तिचं, नंतर गाजलेल्या त्याच नावाच्या गाण्याशी संबंध नाही) जवळजवळ शेवटी. बुकर टी पहिला आणि शेवटचा. कागदावर आखून पाहिलं, ओट्यावर वाजवून पाहिलं, जमतंय.

रविवार

चर्चमधल्या पोरांची कॅरलची फेरी या आठवड्यात आमच्या गल्लीत आहे, ढोलकी-टाळ घेऊन. ते आले की चेंजर बंद. मैदा, तूप, सुकं खोबरं आणलं. नानकटाईचं पीठ बेकरीत द्यायचं ते 21 ला. भट्टीला गर्दी असते.

ह्यांची एकच मागणी होती, दरवर्षीचीच: बोनी एम. त्यांच्याकडे 1981 चा ख्रिसमस अल्बम आहे, तो मोठा, 33 चा. मी समजावून सांगितलं की थप्पीत वेग मिसळता येत नाहीत, चेंजर एका वेळी एकाच वेगावर चालतो, यांत्रिक अडचण आहे, माझ्या हातात काही नाही. ते गप्प बसले. मला वाटलं मिटलं.

मग एक दिवस मंगळवार बाजारातून आले ते पिशवीत लावणीच्या दोन, तेलुगू सिनेमाची एक आणि बोनी एमचंच 'मेरीज बॉय चाइल्ड' घेऊन. सात इंची. 45 ची.

बुकर टीच्या वर जागा केलीय.