कपाट दोन रविवारांत आवरलं, कुर्ते यायला हरतालिका उजाडली

टेलरची पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. १८ मे. कुर्ते ५, पँट ३, ब्लाऊज ३. देणे २८ मे. सगळे कपडे घरी आले ते हरतालिकेच्या संध्याकाळी. मधले साडेतीन महिने कसे काढले ते आठवलं की अजून चिडचिड होते. कपाट कमी करायच्या विचारात असलेल्या कुणाचा तरी पावसाळा यातून वाचावा, म्हणून लिहितेय.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टला बँकेत काम करते. जाता-येता लोकल, तीही बहुतेकदा उभ्याने. कपाटात साठेक कुर्ते होते, तरी सकाळच्या घाईत हात त्याच चार-पाचांकडे जायचा. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’, म्हणजे मोजक्याच कपड्यांचं कपाट, हा शब्द एका मैत्रिणीने सांगितला. लंडनच्या सुझी फॉ यांनी १९७०च्या दशकात आपल्या दुकानातून ही कल्पना मांडली, आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी मोजके, एकमेकांवर चालणारे सात कपडे बाजारात आणले. कल्पना मनापासून पटली. पण त्या धर्तीच्या याद्यांमधला लांब कोट आणि लोकरीचा स्वेटर घेऊन मी डोंबिवलीत काय करणार? म्हणून कपड्यांना हात लावण्याआधी मी माझे दिवस मोजले.

बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणजे महिन्याचे तेवीस-चोवीस दिवस ऑफिसचे. वर्षातले वीसेक दिवस साडीचे: संक्रांतीचं हळदीकुंकू, गौरी, दिवाळी, लग्न-मुंजी. बाकी घर, भाजी, मुलीची शाळा. आणि एक साधा फिका जोड, कुणाकडे दुःखाच्या प्रसंगी भेटायला जाण्यासाठी. तो नेमका ऐनवेळी सापडत नाही, म्हणून आता वेगळा ठेवलाय.

किती कपडे हवेत, याचं उत्तर जुलैतल्या वाळत घालायच्या दोरीने दिलं. पावसात आमच्या बाल्कनीत जाड सुती कापड वाळायला दोन दिवस लागतात, कधी तीन. एक कुर्ता अंगावर, दोन-तीन दोरीवर, एक घडी घातलेला. म्हणून ऑफिसचे कुर्ते पाचाच्या खाली नेता येत नाहीत. खाली तीन पँट: काळी, गडद निळी, राखाडी. प्रत्येक कुर्ता तिन्हींवर गेला पाहिजे, हा नियम मी कडक पाळला. पाच त्रिक पंधरा, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे तीच जोडी परत येत नाही. साड्या अकरा ठेवल्या आणि त्यांना ब्लाऊज तीनच: काळा, सोनेरी आणि गुळेदगुड्डच्या खणाचा मरून. नारायणपेठी असो की इरकल, काळा दोन्हींवर छान दिसतो.

कापडखरेदी, जुने कपडे बाहेर काढणं, त्यातले धडके ‘गूंज’ या संस्थेला देणं, हे सगळं दोन रविवारांत उरकलं. मोठी चूक तिथेच झाली. नवे हातात येण्याआधी मी जुने देऊन टाकले. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न, असं वाटलं. मागे ठेवले फक्त दोन कुर्ते.

२८ मेला गेले. टेलर म्हणाले, “मॅडम, कटिंग झालंय, फक्त शिलाई बाकी. परवा या.” परवा गेले, तर कारागीर गावी गेलेला. जूनमध्ये शाळांचे गणवेश आले. वटपौर्णिमेला ‘सोमवारी नक्की’. त्या सोमवारी दुकान बंद. प्रत्येक वेळी मी स्टेशनवरून थेट तिकडे जायचे, पावसात, हातात डबा आणि छत्री. घरी यायला साडेआठ वाजायचे आणि मुलगी दारातच विचारायची, “मिळाले?”

आषाढी एकादशीला गेले तेव्हा टेलर चहाला गेले होते आणि मदतनीस मुलगा गठ्ठे हलवत होता. त्यात माझी पिशवी दिसली. तोंडाला मी घरून बांधलेली लाल नाडी, त्याच गाठीसकट. दीड महिना ‘कटिंग झालंय’ ऐकत होते आणि कापड पिशवीतून बाहेरही आलेलं नव्हतं. उशीर एक वेळ समजते. कामाचा लोंढा मला दिसत होता, शिवाय दोन कारागिरांवर दुकान. पण खोटं का सांगायचं? “दोन महिने लागतील” म्हणाले असते, तर मी जुने कुर्ते दिलेच नसते.

पिशवी उचलून आणावी असं फार वाटलं. पण अर्धे पैसे आगाऊ दिले होते. दुसऱ्या दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे गणपतीनंतरची तारीख मिळाली. म्हणून परत गेले आणि स्टुलावर बसले. म्हटलं, “आज माझ्यासमोर एक कुर्ता कापा, मग मी जाते.” टेलरनी कापला. वीस मिनिटं लागली. तो कुर्ता पुढच्या शनिवारी मिळाला. कापलेलं कापड त्यांच्याच टेबलावर पसरलेलं असतं, डोळ्यांसमोर राहतं, म्हणून पुढे सरकतं. गाठोडं तसंच राहतं. तेव्हापासून दर शनिवारी एक-एक कापून घेतला.

तरी खिसा राहिलाच. उजव्या शिवणीत सात इंच खोल खिसा मी पहिल्या दिवशी सांगितला होता. गर्दीत पर्सची चेन उघडून फोन काढणं किती धोक्याचं असतं, ते लोकलवाल्यांना सांगायला नको. पावतीवर लिहिलेला नव्हता, म्हणून शिवला गेला नाही. नागपंचमीच्या आठवड्यात दोन कुर्ते उसवायला परत दिले. खिसा, बाहीची लांबी, पँटचा घोळ, सगळं पावतीवर लिहून घ्या आणि तिचा फोटो काढा.

मधल्या काळात ते दोन कुर्ते आणि घाईत घेतलेले दोन तयार कुर्ते यांवर भागवलं. अर्धवट ओले घालून गेले, ऑफिसभर एसीत काकडले. तयारपैकी निळ्याचा रंग पहिल्याच धुण्यात राखाडी पँटला लागला. ते दोन्ही आता घरात नाहीत.

आणखी एक राहिलं. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ब्लाऊजचं अस्तरही भिजवा. नाहीतर अस्तर आटतं, कापड तसंच राहतं आणि शिवणीला चुण्या पडतात. चव्वेचाळीस इंच पन्हा असेल तर मला कुर्त्याला अडीच मीटर लागतं. आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, भरपूर सोडायला सांगा. पाचच कुर्ते असताना एक घट्ट झाला तर पाचवा हिस्सा गेला. गडद निळा आणि काळा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, त्यामुळे कापड दारात उजेडात नेऊन बघा. आणि पँट घोट्याच्या वर संपू दे, स्टेशनच्या जिन्यावरचा चिखल तिथपर्यंत पोचत नाही.

हेही सांगायलाच हवं की त्यांची शिलाई उत्तम आहे. खांदा कुठे ओढत नाही, गळा बरोबर बसतो. म्हणून तर राग जास्त येतो. गौरीच्या जेवणाला खणाचा ब्लाऊज घातला तेव्हा सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवून विचारलं, “कुठे शिवलास गं?” सांगताना मला अभिमानच वाटला. आता सकाळी पाच मिनिटांत तयार होते, फोन खिशात असतो, आणि कपाटाचा खालचा कप्पा मुलीच्या पुस्तकांना दिलाय.

पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन मलमलचे कुर्ते शिवायचे आहेत. लग्नसराई आणि गणवेशांच्या आधी, जानेवारीतच, आधी एकच कापड देणार आहे आणि समोर कापून घेणार आहे. त्यांच्याकडेच द्यायचं का, ते अजून ठरत नाहीये.